शिकागोच्या साहित्यातील घर : वास्तू, करार आणि वर्णरेषा

प्रास्ताविक :

शिकागो हे नाव मराठी वाचकाला प्रामुख्याने परिचित आहे ते १८९३ च्या सर्वधर्म परिषदेमुळे. ही परिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, त्या प्रदर्शनाने शिकागोची एक झगझगीत प्रतिमा जगासमोर ठेवली. १८७१ च्या आगीत बेचिराख झालेले शहर अवघ्या २२ वर्षांत पुन्हा उभे राहिले, जगातील पहिल्या गगनचुंबी इमारतींपैकी एक मानली जाणारी होम इन्शुरन्स इमारत याच शहरात १८८५ मध्ये बांधली गेली, हा इतिहास अमेरिकेने अभिमानाने सांगितला. कार्ल सँडबर्ग यांच्या १९१४ मधील 'शिकागो' या कवितेने या शहराला रुंद खांद्याच्या कष्टकऱ्याचे रूप दिले आणि ते रूप लोकमानसात रुजले.

शिकागोतील महत्त्वाच्या साहित्यकृती क्रमाने वाचल्यास मात्र एक वेगळी गोष्ट ध्यानात येते. या साहित्याची नजर उंच इमारतींवर फारशी स्थिरावत नाही. ती वारंवार वळते ती घराकडे, भाड्याच्या खोलीकडे, सामायिक संडासाकडे आणि खरेदीखताच्या कागदाकडे. कोणी कोठे राहावे, किती भाडे द्यावे आणि कोणत्या गल्लीच्या पलीकडे पाऊल टाकू नये, हा या साहित्याचा मध्यवर्ती प्रश्न आहे. अप्टन सिंक्लेअर, रिचर्ड राइट, ग्वेन्डोलिन ब्रुक्स, लॉरेन हॅन्सबेरी आणि सॅन्ड्रा सिस्नेरोस या पाच लेखकांच्या निवडक कृतींच्या आधारे या प्रश्नाचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. या शहराचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्राने वस्त्यांची विभागणी बऱ्याच अंशी 'नैसर्गिक' मानली. साहित्याने मात्र ती विभागणी माणसांनी सह्या करून घडविलेली आहे हे दाखविले, अशी या निबंधाची मांडणी आहे.

शहराची वाढ आणि 'नैसर्गिक' शहराची कल्पना :

१८३३ मध्ये लहानशा वसाहतीच्या रूपाने नोंदले गेलेले शिकागो १८३७ मध्ये शहर झाले. १८५० मध्ये सुमारे ३० हजार असलेली लोकसंख्या १८९० मध्ये १० लाखांच्या पुढे गेली. रेल्वे, धान्यबाजार, लाकूड आणि १८६५ मध्ये सुरू झालेली युनियन स्टॉक यार्ड ही प्रचंड गुरेबाजाराची आणि कत्तलखान्यांची वसाहत या वाढीमागे होती. जर्मन, आयरिश, पोलिश, लिथुआनियन, इटालियन, झेक असे युरोपातील श्रमिक येथे लोटले. १८७१ च्या ऑक्टोबरमधील आगीने सुमारे एक लाख माणसे बेघर झाली. त्यानंतर शहराच्या मध्यभागी लाकडी बांधकामास मनाई करण्यात आली आणि श्रमिकांची स्वस्त लाकडी घरे शहराच्या कडेला सरकली. कोणाचे घर कोठे असावे हे कायद्याच्या एका ओळीने ठरते, याचा हा आरंभीचा दाखला होय.

पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपातून येणारा श्रमिकांचा ओघ आटला आणि दक्षिणेकडील राज्यांतून आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबे मोठ्या संख्येने उत्तरेकडे निघाली. शिकागोतील कृष्णवर्णीयांची संख्या १९१० मध्ये सुमारे ४४ हजार होती. ती १९२० मध्ये १ लाख ९ हजारांवर आणि १९३० मध्ये २ लाख ३३ हजारांवर गेली. रॉबर्ट अ‍ॅबट यांनी १९०५ मध्ये सुरू केलेले 'शिकागो डिफेंडर' हे वृत्तपत्र रेल्वेतील कृष्णवर्णीय कामगारांच्या हातून दक्षिणेत पोहोचत होते आणि उत्तरेची वाट दाखवीत होते. माणसे आली, परंतु त्यांना राहण्यासाठी मोकळी असलेली जागा त्या प्रमाणात वाढली नाही. दक्षिण शिकागोतील एका चिंचोळ्या पट्ट्यात ही सारी लोकसंख्या कोंबली गेली. या पट्ट्याला 'ब्लॅक बेल्ट' आणि पुढे 'ब्रॉन्झव्हिल' असे नाव पडले.

याच काळात शिकागो विद्यापीठात नागर समाजशास्त्राची एक प्रभावी परंपरा आकारास आली. रॉबर्ट पार्क, अर्नेस्ट बर्जेस आणि रॉडरिक मॅकेंझी यांचा 'द सिटी' हा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बर्जेस यांनी शहराची वाढ पाच समकेंद्री वर्तुळांत दाखविली. एखाद्या भूभागावर एक वनस्पती दुसरीला हटवून पसरते, त्याप्रमाणे एक समूह दुसऱ्या समूहाची जागा घेतो, असे हे प्रतिपादन होते. 'आक्रमण' आणि 'अनुक्रमण' या संज्ञाही वनस्पतिशास्त्रातूनच आल्या होत्या. बर्जेस यांच्या आकृतीत 'ब्लॅक बेल्ट' मात्र एखाद्या वर्तुळात सामावलेला नाही. तो वर्तुळांना छेद देणारा पट्टा आहे. सिद्धान्ताच्या सुबक आकृतीत न बसणारी ही एक रेघच पुढील साहित्याचा विषय बनली.

ही रेघ निसर्गाने आखलेली नव्हती. वंशानुसार वस्त्या वेगळ्या करणारे नगरपालिकांचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द ठरविले, तेव्हा घरमालकांनी खाजगी कराराची वाट धरली. आपले घर कृष्णवर्णीयास विकणार नाही वा भाड्याने देणार नाही, असे शेजारी-शेजारी एकमेकांना लिहून देऊ लागले. शिकागोतील जमीन-घर व्यावसायिकांच्या मंडळाने १९२७ मध्ये अशा निर्बंधक कराराचा नमुनाच तयार करून दिला. करार अपुरा पडे तेथे बॉम्ब येई. १९१९ च्या जुलैत मिशिगन सरोवरात एका कृष्णवर्णीय मुलाचा मृत्यू झाल्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मारली गेली. त्यानंतर नेमलेल्या आयोगाच्या १९२२ मधील अहवालात, जुलै १९१७ ते मार्च १९२१ या काळात घरांच्या वादातून झालेल्या ५८ बॉम्बस्फोटांची नोंद आहे. या अहवालाच्या लेखनात पार्क यांचे विद्यार्थी चार्ल्स जॉन्सन यांचा मोठा वाटा होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. सिद्धान्त वनस्पतींची भाषा बोलत असला तरी त्याच परंपरेतील अभ्यासक बॉम्ब मोजत होते. त्याच वेळी खुद्द विद्यापीठ आपल्या परिसरातील निर्बंधक करारांच्या न्यायालयीन लढ्यांना पैसा पुरवीत होते, हेही पुढील संशोधनातून स्पष्ट झाले आहे.

हप्त्यावरचे घर : 'द जंगल' :

सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही कादंबरी १९०६ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यामुळे अमेरिकेत मांस तपासणीचा आणि अन्न-औषध शुद्धतेचा कायदा झाला. वाचकांनी त्यातील सडलेल्या मांसाकडे लक्ष दिले. कादंबरीच्या रचनेत मात्र घराची कथा तितकीच मध्यवर्ती आहे. लिथुआनियाहून आलेले यूर्गिस आणि ओना यांचे कुटुंब जाहिरात पाहून घर घेते. किंमत १५०० डॉलर, पहिला भरणा ३०० डॉलर, नंतर दरमहा १२ डॉलर. कागदावर 'भाडे' हा शब्द दिसताच घरातील माणसे दचकतात, वकिलाला विचारतात, तो हसून समजूत घालतो. कुटुंबातील कोणालाही तो कागद वाचता येत नाही.

पुढे शेजारची एक म्हातारी सारा हिशेब उलगडून सांगते. घर नवे नाही, जुनेच रंगवून विकलेले आहे. यापूर्वी अनेक कुटुंबांनी ते विकत घेतले आणि गमावले. एक हप्ता चुकला की घर आणि भरलेले सारे पैसे दोन्ही जातात. शिवाय हप्त्याखेरीज व्याजही द्यायचे आहे, हे कोणी सांगितलेलेच नव्हते. घरांच्या या व्यवहारात नफा घर विकण्यात नाही, तेच घर पुन्हा पुन्हा विकण्यात आहे. यूर्गिस तुरुंगातून सुटून दारी येतो तेव्हा घराला ताजा रंग दिलेला असतो आणि आत दुसरे कुटुंब राहात असते. संपूर्ण कादंबरीत याहून भेदक प्रसंग क्वचितच सापडेल. येथे शोषणाला चेहरा नाही. रंगाचा एक हात तेवढा आहे.

तथापि या कादंबरीची मर्यादाही स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. हप्त्याच्या कागदातील कावा ज्याने इतक्या बारकाईने पाहिला, त्याच लेखकाने संपाच्या काळात आणलेल्या कृष्णवर्णीय कामगारांचे चित्रण अत्यंत पूर्वग्रहदूषित केले आहे. वर्गाची रेषा त्याला दिसली, वर्णाची दिसली नाही. शिकागोच्या साहित्याला ही उणीव भरून काढण्यासाठी ३४ वर्षे थांबावे लागले.

एका खोलीचे अर्थशास्त्र : रिचर्ड राइट :

राइट यांचा जन्म १९०८ मध्ये मिसिसिपी राज्यात झाला. १९२७ मध्ये ते शिकागोत आले. त्यांच्या 'नेटिव्ह सन' (१९४०) या कादंबरीचा आरंभ गजराच्या घड्याळाने होतो. एकाच खोलीत आई, दोन मुलगे आणि एक मुलगी झोपलेली आहेत. कपडे बदलताना एकमेकांकडे पाठ फिरवावी लागते. तेवढ्यात उंदीर निघतो आणि थोरला मुलगा बिगर त्याला तव्याने ठेचून मारतो. या खोलीचे भाडे आठवड्याला ८ डॉलर आहे.

ज्या श्रीमंत डाल्टन कुटुंबाकडे बिगर मोटारचालक म्हणून कामाला लागतो, त्याच डाल्टनच्या कंपनीच्या ताब्यात बिगर राहतो ती इमारत आहे. डाल्टन कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी लक्षावधी डॉलर देणगी देतो आणि त्यांच्याकडूनच जादा भाडे वसूल करतो. चौकशीच्या वेळी बिगरचा वकील मॅक्स त्याला विचारतो, की अन्य भागातील आपल्या इमारतींत तुम्ही त्यांना घरे का देत नाही? रूढीचे आणि घरांच्या टंचाईचे कारण डाल्टन देतो. डाल्टन खोटे बोलत नाही; त्याला ते खरेच वाटते. समाजशास्त्राने जे 'नैसर्गिक' म्हटले, त्यालाच डाल्टन 'रूढी' म्हणतो. दोन्ही शब्द सहीचा उल्लेख टाळतात.

या व्यवहाराचे गणित राइट यांनी '१२ मिलियन ब्लॅक व्हॉइसेस' (१९४१) या पुस्तकात उदाहरणादाखल मांडले आहे. गोऱ्या कुटुंबास महिना ५० डॉलर भाड्याने मिळणारे सात खोल्यांचे घर तोडून त्याचे सात तुकडे करायचे, प्रत्येकात एक लहान गॅसची शेगडी आणि एक मोरी बसवायची आणि प्रत्येक तुकडा आठवड्याला ६ डॉलरने द्यायचा. महिन्याला ५० डॉलर आणणारी जागा आठवड्यालाच ४२ डॉलर आणू लागते. अशा तुकड्याला 'किचनेट' म्हणत. दाटीवाटी ही दारिद्र्याची परिणती नसून फायद्याचा धंदा होता, हे या सोप्या हिशेबातून सिद्ध होते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. राइट यांचा शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांशी निकटचा संबंध होता. सेंट क्लेअर ड्रेक आणि होरेस केटन यांच्या 'ब्लॅक मेट्रोपोलिस' (१९४५) या ग्रंथाला त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि या शास्त्राचे ऋण मान्य केले. त्याचा परिणाम त्यांच्या कादंबरीवरही झाला आहे. बिगर हा त्याच्या खोलीने घडविलेला माणूस आहे. उंदीर आणि बिगर या दोघांचीही गत कोपऱ्यात अडकलेल्या जनावराची आहे. अन्यायाचा कर्ता कोण हे राइट अचूक सांगतात, परंतु अन्याय सोसणाऱ्या माणसाचे मन ते बव्हंशी परिस्थितीचे फलित म्हणूनच पाहतात. बिगरची आई, बहीण आणि प्रेयसी बेसी यांना तर स्वतःचे असे अंतर्विश्व फारसे लाभलेले नाही. विरोध ज्या शास्त्राला करायचा, त्याचीच पद्धती उसनी घेतल्याने ही उणीव निर्माण झाली असे म्हणता येईल.

किचनेटमधील जीवन : ग्वेन्डोलिन ब्रुक्स :

ही उणीव ज्या लेखिकेने भरून काढली त्या ग्वेन्डोलिन ब्रुक्स (१९१७-२०००) होत. त्यांचे बालपण आणि पुढील आयुष्य दक्षिण शिकागोत गेले. विवाहानंतर त्या स्वतः किचनेटमध्ये राहिल्या. १९४५ मधील 'अ स्ट्रीट इन ब्रॉन्झव्हिल' या पहिल्या संग्रहातच किचनेट इमारतीवरची एक कविता आहे. कांदा-बटाट्याच्या आणि कालच्या कचऱ्याच्या वासात स्वप्न तग धरील काय, असा विचार तेथे मनात येतो. पण सामायिक न्हाणीघर मोकळे होताच तो विचार बाजूला पडतो, कारण कोमट पाणी संपण्यापूर्वी आत शिरायचे असते. येथे आक्रोश नाही. स्वप्नाची आणि न्हाणीघराची रांग एकाच पातळीवर ठेवल्याने त्या घराची खरी किंमत कळते. १९५० मध्ये त्यांना 'अ‍ॅनी अ‍ॅलन' या संग्रहासाठी पुलित्झर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन लेखिका होत.

'मॉड मार्था' (१९५३) या त्यांच्या एकमेव कादंबरीत राइट यांना दिलेले एक शांत उत्तर सापडते. मॉड मार्थाच्याही किचनेटमध्ये एक उंदीर आहे. तो कित्येक आठवडे तिला चुकवीत आला आहे. अखेर तो सापळ्यात सापडतो. ती त्याच्याकडे पाहते. त्याची पिले वाट पाहात असतील असा विचार तिच्या मनात येतो आणि ती त्याला सोडून देते. बिगरने उंदीर मारला, मॉड मार्थाने सोडला. प्रसंग लहान आहे, परंतु त्यात दोन साहित्यदृष्टींतील अंतर सामावलेले आहे. खोली तीच, भाडे तेच, वर्णरेषा तीच. माणूस मात्र खोलीइतका लहान झालेला नाही. परिस्थितीचा रेटा नाकारण्याची गरज ब्रुक्स यांना वाटत नाही. त्या रेट्यातही कृती निवडण्याची एक जागा शिल्लक असते, एवढेच त्या दाखवितात.

'इन द मेक्का' (१९६८) या दीर्घकाव्यात ही दृष्टी अधिक कठोर झाली आहे. मेक्का फ्लॅट्स ही इमारत १८९२ मध्ये, उपरोक्त जागतिक प्रदर्शनाच्या पाहुण्यांना डोळ्यांसमोर ठेवून बांधली गेली. काचेच्या छताखालील प्रशस्त चौक हे तिचे आकर्षण होते. पुढे तेथे कृष्णवर्णीय कुटुंबे राहू लागली, घरांचे तुकडे पडले आणि गर्दी वाढली. तरुणपणी ब्रुक्स यांनी याच इमारतीत एका ताईत-तोडगे विकणाऱ्याकडे लिहिण्याचे काम केले होते. शेजारच्या तंत्रशिक्षण संस्थेने आपल्या विस्तारासाठी ही इमारत विकत घेतली आणि १९५२ मध्ये ती पाडली. त्या जागेवर १९५६ मध्ये मीस व्हान डर रोह यांचा क्राउन हॉल उभा राहिला. आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात काचेचा आणि पोलादाचा तो मोकळा दालन-प्रासाद गौरविला जातो.

ब्रुक्स यांच्या काव्यात मिसेस सॅली ही मोलकरीण काम आटोपून मेक्कात परतते. नऊ मुलांपैकी सर्वांत धाकटी पेपिटा दिसत नाही. दारोदार शोध सुरू होतो आणि प्रत्येक दारामागे एक स्वतंत्र दुःख, स्वतंत्र वेड, स्वतंत्र आठवण भेटते. मुलीला कोणीच पाहिलेले नसते. शेवटी तिचे प्रेत त्याच इमारतीतील एका माणसाच्या खाटेखाली सापडते. माणसांनी भरलेल्या इमारतीत एक मूल कोणालाच दिसत नाही, हा या काव्याचा घाव आहे. १९६८ मध्ये इमारत अस्तित्वात नव्हती. ब्रुक्स यांनी ती शब्दांत पुन्हा बांधली, परंतु तिचे गोडवे गाण्यासाठी नव्हे. वास्तुकलेच्या इतिहासात जी जागा मोकळी दिसते ती कशी मोकळी केली गेली, याचा साक्षीपुरावा म्हणून हे काव्य वाचता येते.

उंबरठ्यावरचा करार : लॉरेन हॅन्सबेरी :

११ मार्च १९५९ रोजी ब्रॉडवेवर रंगभूमीवर आलेले 'अ रेझिन इन द सन' हे कृष्णवर्णीय लेखिकेचे ब्रॉडवेवरील पहिले नाटक होय. यंगर कुटुंब दक्षिण शिकागोतील जुन्या घरात राहते. नातू बैठकीच्या खोलीतील कोचावर झोपतो, न्हाणीघर शेजाऱ्यांशी सामायिक आहे. वडिलांच्या विम्याचे १० हजार डॉलर येतात. आई त्यातील साडेतीन हजार भरून क्लायबोर्न पार्क या गोऱ्या वस्तीत घर घेते. कारण ती साधे देते : कृष्णवर्णीयांसाठी दूर बांधलेली घरे दुप्पट महाग पडतात. उरलेले पैसे मुलगा वॉल्टर दारूच्या दुकानातील भागीदारीच्या नादात गमावतो. मग वस्तीच्या सुधारणा संघाचा प्रतिनिधी लिंडनर येतो. तो धमकावीत नाही; नम्रपणे बोलतो आणि घर जादा किमतीने परत विकत घेण्याची तयारी दाखवितो. पैशाच्या ओढीने वॉल्टर त्याला पुन्हा बोलावतो, परंतु मुलासमोर सही करण्याची वेळ येते तेव्हा नकार देतो.

या नाटकाचा शेवट सुखान्त मानण्याची प्रथा आहे. ती तपासून पाहिली पाहिजे. हॅन्सबेरी आठ वर्षांच्याही नव्हत्या तेव्हा, १९३७ मध्ये, त्यांचे वडील कार्ल हॅन्सबेरी यांनी निर्बंधक करार असलेल्या वस्तीत घर घेतले. जमाव चालून आला, विटा फेकल्या गेल्या. इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. १९४० मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला, परंतु केवळ प्रक्रियेच्या मुद्द्यावर; असे करार न्यायालयांना अंमलात आणता येणार नाहीत, हा निर्णय यायला १९४८ उजाडले. वडील वॉशिंग्टनमध्ये खटला लढत असताना आई रात्रभर पिस्तूल घेऊन घरात पहारा करीत असे, असे हॅन्सबेरी यांनी १९६४ मधील एका पत्रात लिहिले आहे. नाटकाच्या एका आधीच्या खर्ड्यात नव्या घरात शस्त्रे घेऊन अंधारात हल्ल्याची वाट पाहणारे कुटुंब होते. प्रयोगात तो शेवट राहिला नाही. परंतु शिकागोच्या ट्रम्बुल पार्क वसाहतीत १९५३ पासून कृष्णवर्णीय कुटुंबांवर होत असलेले हल्ले तत्कालीन प्रेक्षकाला ठाऊक होते. त्या वसाहतीत स्वतः राहिलेले फ्रँक लंडन ब्राउन यांची 'ट्रम्बुल पार्क' ही कादंबरीही १९५९ चीच आहे. यंगर कुटुंब घर सोडून निघते तेथे पडदा पडतो, कारण पुढचा अंक रस्त्यावर चालू होता.

आणखी एका विसंगतीचा विचार समीक्षेने टाळू नये. कार्ल हॅन्सबेरी हे स्वतः किचनेटच्या धंद्यातील यशस्वी व्यावसायिक होते. राइट यांनी ज्या हिशेबावर बोट ठेवले, त्याच हिशेबातून हॅन्सबेरी कुटुंबाची संपन्नता आली आणि त्याच संपन्नतेतून खटल्याचा खर्च निघाला. ही बाब ध्यानात घेतली की वॉल्टरचे पात्र नव्याने उलगडते. पैसा हेच आयुष्य, असे मानणारा वॉल्टर चुकला म्हणून हसण्याजोगा ठरत नाही. या शहराने शिकविलेला धडा त्याने इतरांइतक्याच निष्ठेने गिरविला आहे. म्हणून त्याचा नकार हा लिंडनरइतकाच स्वतःलाही दिलेला नकार आहे.

मँगो स्ट्रीटवरील घर :

१९४८ नंतर करार निष्प्रभ झाले तरी रेघ पुसली गेली नाही. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघराज्य गृहनिर्माण प्रशासनाने कृष्णवर्णीय वस्त्यांतील गृहकर्जांना विमासंरक्षण नाकारले होते. परिणामी नॉर्थ लॉनडेलसारख्या भागात हप्तेखरेदीचा धंदा फोफावला. एक हप्ता चुकताच घर आणि पैसे दोन्ही जप्त, हीच त्याची अट. 'द जंगल'मधील कागद साठ वर्षांनी, नव्या गिऱ्हाइकांसाठी, पुन्हा बाहेर काढला गेला होता. १९६६ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग याच लॉनडेलमध्ये भाड्याने राहायला आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोर्चात त्यांना दगड लागला. न्याय्य गृहनिर्माणाचा कायदा १९६८ मध्ये झाला. त्याच वर्षी लॉनडेलमधील हप्तेखरेदीदारांनी संघटना उभारून हप्ते रोखण्याचा लढा सुरू केला.

या कायद्यानंतरच्या पिढीचा आवाज सिस्नेरोस यांच्या 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' (१९८४) या पुस्तकात ऐकू येतो. मेक्सिकन वंशाच्या एस्पेरान्झा या मुलीच्या ४४ छोट्या शब्दचित्रांतून ते उलगडते. कुटुंबाने अखेर स्वतःचे घर घेतले आहे. परंतु आईवडिलांनी वर्णन केलेले घर ते नव्हे. त्याआधी एका जोगिणीने तिच्या भाड्याच्या घराकडे बोट दाखवून 'तू तिथे राहतेस?' अशा अर्थाचा प्रश्न विचारलेला असतो. त्या 'तिथे'मध्ये जो तुच्छतेचा स्वर आहे, तो कोणत्याही करारात लिहिलेला नाही आणि म्हणून कोणत्याही निकालाने रद्दही होत नाही. सिस्नेरोस यांनी घराच्या प्रश्नाला आणखी एक बाजू जोडली. एस्पेरान्झाला केवळ दुसऱ्या वस्तीतले घर नको आहे. वडिलांचे वा नवऱ्याचे नसलेले, स्वतःचे घर हवे आहे. उंबरठ्याच्या आत बायका कोंडलेल्या तिने पाहिल्या आहेत. रेघ केवळ वस्त्यांमधून जात नाही, घराच्या आतूनही जाते, ही जाणीव येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे प्रकटते.

मराठी संदर्भ :

मराठीत आफ्रिकन-अमेरिकन साहित्याची ओळख प्रामुख्याने दलित साहित्याच्या संदर्भात झाली. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या या विषयावरील ग्रंथाने आणि १९७२ मध्ये ब्लॅक पँथरवरून प्रेरणा घेऊन स्थापन झालेल्या दलित पँथरने हा दुवा दृढ केला. या तुलनेत विद्रोह आणि आत्मभान हे मुद्दे साहजिकच पुढे राहिले. घराच्या प्रश्नावरही ही तुलना फलदायी ठरू शकेल. बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून नायकाला जात लपवावी लागते. मात्र साम्याबरोबर भेदही पाहिला पाहिजे. शिकागोत वर्ण लपविणे बहुतेकांना शक्य नव्हते, म्हणून तेथे रेषा कागदावर उतरली. येथे जात विचारून काढावी लागते, म्हणून ती घरमालकाच्या प्रश्नात राहते. कागद न्यायालयात नेता येतो. प्रश्न नेणे त्याहून कठीण असते.

निष्कर्ष :

१) शिकागोच्या साहित्यात घर हे पार्श्वभूमी म्हणून येत नाही. हप्त्याचा कागद, भाड्याची रक्कम, निर्बंधक करार आणि परतखरेदीचा प्रस्ताव यांच्या रूपाने ते कथानकाची गती ठरविते.

२) शहराची विभागणी 'नैसर्गिक' मानणाऱ्या शास्त्राची उणीव या साहित्याने भरून काढली. तथापि राइट यांच्यासारखा समर्थ लेखकही त्या शास्त्राच्या नियतिवादापासून पूर्णतः मुक्त नाही.

३) परिस्थितीचे सामर्थ्य मान्य करूनही माणसाला तिच्याहून मोठा ठेवण्याचे काम ब्रुक्स यांनी सर्वाधिक समतोलपणे केले. या परंपरेत 'मॉड मार्था'चे स्थान 'नेटिव्ह सन'च्या बरोबरीचे मानले जावे.

४) 'अ रेझिन इन द सन'चा शेवट सुखान्त म्हणून शिकविणे हे नाटकावर आणि इतिहासावर दोहोंवर अन्याय करणारे आहे.

५) हा विषय भूतकाळात जमा झालेला नाही. हॅन्सबेरी यांच्या काल्पनिक वस्तीचेच नाव घेऊन ब्रूस नॉरिस यांनी लिहिलेले 'क्लायबोर्न पार्क' हे नाटक २०१० मध्ये रंगभूमीवर आले आणि २०११ मध्ये त्याला पुलित्झर मिळाले. त्याचा पहिला अंक १९५९ मध्ये, तर दुसरा ५० वर्षांनंतर त्याच घरात घडतो. दुसऱ्या अंकात गोरे कुटुंब ते घर विकत घेऊन पाडू पाहते. भाषा सभ्य झालेली असते. वाद मात्र अजून त्याच उंबरठ्यावर चाललेला असतो.